धनुष्य लावतां आलें पाहिजे

ज्या घरांत गाणें आहे त्या घरांत तंबोरा लावतां येणारें निदान एक तरी माणूस असतेंच. तंबोरा मिरजेहून नुकता आणलेला असो वा आजोबांच्या वेळचा असो, रोज गवयास बोलावून तो लावून घ्यावा आणि मग मुलीनें गावयास बसावें, असें कोणी म्हणत नाहीं. तारा उतरलेल्या असतां मुलगी बेसूर गाते म्हणून तिला बोल लावणारें वडील माणूसहि आमच्या पाहण्यांत नाहीं. आधीं वाद्य सुरांत आहे कीं नाहीं तें पाहावें, मग गळ्याकडे वळावें, हा क्रम सर्वांस ठाऊक आहे. हाच न्याय धनुष्यास लावण्याची वेळ आतां आपल्या कांहीं घरांवर आली आहे, आणि तेथें मात्र हा क्रम उलटा चाललेला दिसतो.

ज्यास कंपाऊंड धनुष्य म्हणतात तें गेल्या कांहीं वर्षांत आपल्याकडील घरांतून शिरूं लागलें, ह्याचें कारण उघड आहे. ऑगस्ट २०२३ मध्यें बर्लिन येथील जागतिक स्पर्धेंत साताऱ्याची सतरा वर्षांची आदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे ह्या दोघांनीं एकाच दिवशीं वैयक्तिक सुवर्णपदकें मिळविलीं. ओजसनें तर अंतिम सामन्यांत १५० पैकीं १५० गुण घेतले. त्याच वर्षीं बुलढाण्याच्या प्रथमेश जावकरानें शांघाय येथील विश्वचषकांत सुवर्ण जिंकलें होतें. पुढें २०२५ मध्यें, लॉस एंजलिस येथील २०२८ च्या ऑलिंपिकांत ह्या धनुष्याची एक पुरुष व एक स्त्री अशा मिश्र संघांची स्पर्धा प्रथमच घेण्याचें ठरलें. सातारा, नागपूर, बुलढाणा हीं गांवें आपलीं. तेव्हां ‘आमच्याहि मुलीस शिकवावें’ असें आईबापांच्या मनांत आलें तर त्यांत नवल नाहीं. धनुष्य येतें, त्याची लांबट पेटी माजघरांत ठेवली जाते, आणि मग तीनचार महिन्यांनीं तें बिघडलें म्हणजे तें कोणास दाखवावें हा प्रश्न पडतो. सायकल दुरुस्त करणारा प्रत्येक पेठेंत आहे. धनुष्य दुरुस्त करणारा जिल्ह्यांत एखादा असला तर असला.

आमच्या परिचयाच्या एका एकत्र कुटुंबांत घडलेली गोष्ट येथें सांगण्याजोगी आहे. घरांतील धाकट्या पुतण्याचे गुण दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत सारखे उतरत गेले. आजींच्या मतें दृष्ट लागली होती. काकांच्या मतें सारा दोष मोबाइलचा होता. वडिलांनीं मुलाचे डोळे तपासून आणले व ते उत्तम ठरले. मुलगा स्वतः तर आपल्या हातांत कांहीं राहिलें नाहीं असें म्हणूं लागला. अखेर त्याच्या थोरल्या काकूंनीं, ज्या घरचें शिवणयंत्र स्वतः उघडून साफ करतात, धनुष्याबरोबर आलेलें माहितीपत्रक काढलें आणि शिवणाच्या टेपनें मापें घेतलीं. दोन्ही चाकांच्या अक्षांमधील अंतर पत्रकांतल्यापेक्षां सहा मिलिमीटरांनीं वाढलें होतें. दोऱ्या ताणल्या गेल्या होत्या, एवढेंच. मुलाच्या प्रशिक्षकांनीं त्या बदलून दिल्या. त्या वर्षींची निवड हुकायची ती हुकलीच. परंतु मुलाचा आपल्या हातावरील विश्वास परत आला, आणि काकूंची टेप आतां धनुष्याच्या पेटींतच राहते.

सहा मिलिमीटर म्हणजे एवढें काय, असें वाचकांस वाटेल. त्यासाठीं ह्या यंत्राची रचना थोडी पाहावी लागते. अमेरिकेंतील मिसूरी राज्याचे रहिवासी हॉलेस विल्बर ॲलन ह्यांनीं १९६६ मध्यें ह्या धनुष्याच्या पेटंटासाठीं अर्ज केला आणि १९६९ मध्यें तें त्यांस मिळालें. त्यांची युक्ति साधी होती. धनुष्याच्या दोन्ही टोंकांस त्यांनीं चाकें बसविलीं, पण त्या चाकांचा अक्ष बरोबर मध्यावर न ठेवतां एका कडेस ठेवला. ह्या मध्य ढळलेल्या चाकास आज ‘कॅम’ म्हणतात. साध्या धनुष्याची प्रत्यंचा जसजशी ओढावी तसतसें वजन वाढतच जातें, आणि नेम धरण्याच्या वेळींच हात सर्वांत अधिक कांपतो. कॅम फिरूं लागला म्हणजे मात्र वजन आधीं झपाट्यानें वाढतें आणि मग, अगदीं हवें त्या ठिकाणीं, एकदम उतरतें. साठ पौंडांच्या धनुष्यांत शेंकडा ऐंशी टक्के भार असा उतरला तर पूर्ण ओढलेल्या स्थितींत बोटांवर केवळ बारा पौंड उरतात. मुलगी निवांतपणें नेम धरूं शकते ती ह्यामुळें.

परंतु ही सोय फुकट मिळत नाहीं. साध्या धनुष्यांत एक काठी व एक दोरी. येथें दोन कॅम, प्रत्यंचा, तिच्याखेरीज दोन केबली, आणि त्या सर्वांस धरणारीं वरचीं खालचीं पातीं. (ह्या पात्यांस तिरंदाज मंडळी ‘लिंब’ म्हणतात, ऐकणारास सरबत आठवूं नये म्हणून आम्ही पातें हाच शब्द ठेवतों.) हीं सारीं एकमेकांस धरून चालतात. शिवाय जुनें धनुष्य काम झालें कीं उतरवून ठेवीत. हें धनुष्य रात्रंदिवस चढविलेलेंच असतें. प्रत्यंचेचे धागे बहुधा डायनिमा ह्या कृत्रिम तंतूचे असतात. तो तंतु बळकट खरा, पण सतत ताणाखालीं तो अगदीं हळूहळू लांबत जातो. हें लांबणें रोखण्यासाठीं त्यांत व्हेक्ट्रान नांवाचा दुसरा तंतु मिसळतात. तरीहि कोणी हात न लावतां, पेटींत निजलेल्या स्थितींतच धनुष्य आपलीं मापें थोडथोडीं बदलूं शकतें, ही गोष्ट घरांतील प्रत्येकानें ध्यानांत ठेवावी.

आतां एक लहानसें त्रैराशिक करूं. प्रत्यंचेंत ‘पीप’ नांवाचा एक बारीक छिद्राचा मणी बसविलेला असतो. त्यांतून पुढच्या ‘साइट’कडे पाहून नेम धरतात. पीप आणि साइट ह्यांत सुमारें ८५ सेंटिमीटर अंतर धरा. स्पर्धेंत लक्ष्य ५० मीटरांवर असतें. पीप एक मिलिमीटर सरकला तर ५० मीटरांवर बाण जवळजवळ सहा सेंटिमीटर वरखालीं जातो. दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास आठ सेंटिमीटर, म्हणजे मध्यापासून कडेपर्यंत अवघें चार. मुलानें जन्मांतला सर्वोत्तम बाण सोडला तरी ह्या एका मिलिमीटरानें तो दहांतून बाहेर पडतो, आणि घरीं आल्यावर ‘लक्ष कुठें होतें?’ हा प्रश्न त्यास ऐकावा लागतो.

म्हणून पहिलें काम हत्यारांचें नव्हे, वहीचें आहे. धनुष्य नवें असतांना, प्रत्यंचा शेंदोनशें बाणांनंतर स्थिरावली म्हणजे, सर्व मापें घेऊन तीं तारखेसह एका वहींत लिहावींत. दोन अक्षांमधील अंतर. मुठीच्या सर्वांत खोल भागापासून प्रत्यंचेपर्यंतचें अंतर, ज्यास ‘ब्रेस हाइट’ म्हणतात. बाण जेथें अडकतो त्या जागेपासून पीपची उंची. बाणाचा टेकू दांड्यापासून किती दूर आहे. पातीं आवळणारे स्क्रू किती फेरे आंत आहेत. शक्य तेथें रुपेरी पेनानें धनुष्यावरच बारीक खूण करावी. स्क्रू किंवा टेकू आपोआप सरकला तर ती खूण चुकलेली लागलीच दिसते. अनेक कारखानदार कॅमवर एक रेघ किंवा टिंब कोरून ठेवतात. केबल त्या खुणेशीं जेथें येते तेंहि लिहावें. ही वही दर महिन्यास उघडावी. ज्यांच्याजवळ अशी वही आहे त्यांस धनुष्य बिघडलें कीं हात बिघडला ह्याचा निवाडा दहा मिनिटांत करतां येतो. ज्यांच्याजवळ ती नाहीं ते अंदाजानें स्क्रू पिळीत बसतात, आणि मग मूळचा दोष कोणता व आपण घातलेला कोणता हें ब्रह्मदेवासहि सांगतां येत नाहीं. एका वेळीं एकच फेरफार करावा, तीन बाण सोडून परिणाम पाहावा, लिहावा, मगच दुसऱ्यास हात घालावा. हा नियम आम्हांस साऱ्या विद्येचा गाभा वाटतो.

मापांइतकाच महत्त्वाचा प्रश्न म्हणजे तें धनुष्य त्या मुलाच्या अंगाचें आहे काय हा. एकत्र कुटुंबांत थोरल्याचा कोट धाकट्यास येतो, पुस्तकें येतात, सायकलहि येते. धनुष्य मात्र असें येत नाहीं. प्रत्येक कंपाऊंड धनुष्य ठराविक लांबीपर्यंतच ओढलें जातें आणि तेथें भिंत लागल्यासारखें थांबतें. ती लांबी ओढणाराच्या अंगाची असावी लागते. ठोकळ हिशेब असा कीं, दोन्ही हात आडवे पसरून बोटांच्या टोंकापासून टोंकापर्यंत इंच मोजावे व त्यास अडीचनें भागावें. पासष्ट इंच भरले तर सव्वीस इंचांची ओढ. हा आरंभाचा अंदाज. शेवटचा निर्णय प्रशिक्षकानें उभें राहण्याची ढब पाहून करावा. दादाचें अठ्ठावीस इंचांचें धनुष्य ताईच्या हातीं दिलें तर तिचा पुढचा खांदा वर उचलला जाईल, कोपर ताठेल, प्रत्यंचा हातावर फटकारेल आणि महिन्याभरांत तिला ह्या विद्येचा वीट येईल. पुष्कळ धनुष्यांत कॅमवरील एक लहान तुकडा बदलून किंवा सरकवून ही ओढ कमीजास्त करतां येते. धनुष्य विकत घेतांनाच ही सोय पाहून घ्यावी, म्हणजे तें दोघांतिघांच्या उपयोगीं पडतें.

वजनाविषयीं थोडक्यांत सांगतों. पातीं धरणारे दोन्ही स्क्रू सारखेच फेरे फिरवावेत, एक अर्धा आणि दुसरा पाऊण असें कदापि करूं नये. एका पूर्ण फेऱ्यास साधारणपणें दोनतीन पौंडांचा फरक पडतो. किती फेरे सैल करावयाचे ह्याची मर्यादा पत्रकांत दिलेली असते. ती ओलांडल्यास पातें जागेवरून निसटूं शकतें. स्पर्धेंत साठ पौंडांची कमाल मर्यादा आहे, आणि शिकणारानें तिच्या जवळपासहि जाण्याचें कारण नाहीं. बसून, पाय न टेकतां, जें धनुष्य सावकाश ओढतां येत नाहीं तें आपल्यासाठीं जड आहे असें समजावें.

दोन्ही कॅम बरोबर चालतात कीं नाहीं हें पाहणें दोघांचें काम आहे. एकानें लक्ष्यासमोर अगदीं जवळ उभें राहून, बाण लावून, धनुष्य पूर्ण ओढावें. दुसऱ्यानें त्याच्या बाजूस पण मागल्या अंगास उभें राहून पाहावें. वरचा व खालचा कॅम एकाच क्षणीं थांबला पाहिजे. एक आधीं आणि दुसरा मागाहून थांबत असेल तर ओढणारासहि भिंतीवर टेकल्याऐवजीं उशीवर टेकल्यासारखें लागतें. ह्यावरील उपाय म्हणजे एका केबलीस अर्धा किंवा एक पीळ देणें किंवा काढणें. परंतु त्यासाठीं धनुष्याचा ताण उतरवावा लागतो, आणि तें काम कोणाचें ह्याविषयीं पुढें लिहिलें आहे. दोष ओळखणें मात्र घरचें काम आहे, आणि ओळखलेला दोष अर्धा सुटलेलाच असतो.

ह्यापुढें खरोखरीचें लावणें सुरू होतें, आणि तें करमणुकीचेंहि आहे. बाण प्रत्यंचेस काटकोनांत असावा. त्यासाठीं सुताराचा गुण्या चालतो. प्रत्यंचेस व बाणास चिकटणाऱ्या दोन चिमुकल्या पाणसळी मिळतात, त्या त्याहून सोयीच्या. धनुष्य उभें धरून प्रत्यंचा ओळंब्यांत आणावी व बाण पाणसळीस समपातळींत आला कीं पाहावा. बाण टेकूवर असतांना तो धनुष्याच्या मध्यरेषेशीं समांतर यावा. बहुतेक धनुष्यांत दांड्याच्या आंतल्या बाजूपासून बाणाच्या मध्यापर्यंत दोन सेंटिमीटरांच्या आसपास अंतर ठेवून आरंभ करतात.

मग कागदाची परीक्षा. जुन्या चित्राची लाकडी चौकट घ्यावी आणि तीवर वर्तमानपत्राचा एक ताव ताणून चिकटवावा. चौकटीच्या मागें हातभर अंतर ठेवून, बाण खात्रीनें अडेल असें भक्कम लक्ष्य ठेवावें. तिरंदाजानें कागदापासून सुमारें दोन मीटरांवर उभें राहून खांद्याच्या उंचीनें सरळ बाण सोडावा. बाण सरळ निघाला असेल तर कागदांत टोंकाचें एक गोल छिद्र आणि त्याच्याभोंवतीं पंखांच्या तीन चिरा एवढेंच दिसतें. तो तिरका निघाला असेल तर शेपटानें कागद फाडलेला असतो, आणि ती फाड कोणत्या बाजूस गेली तें पाहून निदान होतें. रद्दीचा इतका विद्वान उपयोग आम्हांस तरी दुसरा ठाऊक नाहीं.

उभी फाड आधीं सोडवावी. शेपूट वर गेलेलें दिसलें तर बाण प्रत्यंचेवर प्रमाणापेक्षां वर अडकत आहे. ती जागा किंचित् खालीं घ्यावी किंवा टेकू किंचित् उचलावा. शेपूट खालीं गेलें तर ह्याच्या उलट. पण त्याआधीं बाणाचे पंख टेकूस घांसत नाहींत ना हें तपासावें. त्यासाठीं मुलींच्या पेटींतील चेहऱ्याची पावडर टेकूवर व पंखांवर हलकीशी भुरभुरावी आणि बाण सोडावा. घांसलेल्या जागीं रेघ उमटते. पंख घांसत असतांना कितीहि जागा बदलल्या तरी कागद सुधारत नाहीं.

आडवी फाड अधिक फसवी आहे, आणि येथेंच हात कीं धनुष्य हा वाद पुन्हां उभा राहतो. मूठ घट्ट आवळून मनगट पिळलें तर बाण आडवा फाडतो. प्रत्यंचा गालांत रुतली तरीहि तेंच होतें. म्हणून एका बाणावरून निर्णय करूं नये. तीन बाण सोडावेत. तीनहि एकाच बाजूस एकाच लांबीची फाड देत असतील तर दोष धनुष्याचा असण्याचा संभव अधिक. एक डावीकडे, एक उजवीकडे, एक सरळ असा प्रकार असेल तर धनुष्यास हात लावूं नये, मुलासच मूठ सैल सोडण्यास सांगावें. तेवढ्याच ओढीचा दुसरा जाणता तिरंदाज मिळाला तर त्याच्याकडून तेंच धनुष्य सोडवून पाहावें. दोघांची फाड एकसारखी आली म्हणजे शंका उरत नाहीं. दुरुस्ती करतांना टेकू एका बाजूस अर्ध्या मिलिमीटरानें सरकवावा व पुन्हां कागद पाहावा. फाड आखूड झाली तर दिशा बरोबर, वाढली तर परत फिरावें. कोणत्या बाजूस न्यावें ह्याचे तयार नियम पुष्कळ ऐकूं येतात, पण कॅमच्या व बाणाच्या प्रकारानुसार ते बदलतात. आमच्या मतें कागदासारखा प्रामाणिक गुरु दुसरा नाहीं.

कागदानें समाधान झाल्यावर मैदानावर जावें. लक्ष्याच्या वरच्या भागीं एक टिकली लावावी व तिच्यापासून खालीं ओळंबा सोडून रेघ आंखावी. साइट वीस मीटरांस बसवून त्याच नेमानें वीस, तीस व चाळीस मीटरांवरून बाण सोडावेत. ते क्रमाक्रमानें खालीं पडणारच. पण पडतांना रेघेवरच पडले पाहिजेत. ते रेघ सोडून एका अंगास तिरके उतरत गेले तर टेकू अजून केसभर चुकीचा आहे. हें घराच्या अंगणांत करण्याचें काम नव्हे. चांगल्या कंपाऊंड धनुष्याचा बाण ताशीं ३०० किलोमीटरांच्या आसपास वेगानें जातो. मागें मातीचा बंधारा किंवा तशीच निर्धास्त आडोशाची जागा असल्यावांचून तो सोडणें हा निव्वळ अविचार होय.

आतां निगा. प्रत्यंचेवर बारीक लव दिसूं लागली कीं तिला मेण पाहिजे असें समजावें. हें मेण प्रत्यंचेसाठींच मिळतें तें. मेणबत्तीचें नव्हे, कारण तें सुकून खपल्या धरतें. मेण लावून दोन बोटांत प्रत्यंचा धरून चोळावी, म्हणजे बोटांच्याच उष्णतेनें तें धाग्यांत मुरतें. केस वाळविण्याच्या यंत्राची गरम हवा देण्याचें कारण नाहीं. जास्तीचें मेण दोऱ्यानें निपटून काढावें, नाहींतर त्यावर धूळ बसून तीच धागे कापते. मधल्या वेष्टनास, म्हणजे जेथें प्रत्यंचेवर दुसरा दोरा आवळून गुंडाळलेला असतो तेथें, मेण लावूं नये. तें वेष्टन सुटूं लागलें किंवा सरकूं लागलें, अथवा प्रत्यंचेचा एक जरी धागा तुटला, तर तिचें आयुष्य संपलें असें मानावें. नाहींतरी दोनतीन वर्षांत नियमित सराव करणारानें प्रत्यंचा व केबली एकाच वेळीं बदलाव्यात. येथें काटकसर करणारांस आम्ही एवढेंच सांगूं कीं, तुटलेली प्रत्यंचा डोळ्यांपासून चार बोटांवर असते.

पात्यांच्या कडांवरून कापसाचा बोळा हलकेच फिरवावा. कोठें तंतु अडकला तर तेथें चीर पडूं लागली आहे. तें धनुष्य त्याच दिवशीं खालीं ठेवावें. कार्बनच्या बाणांचें तर ह्याहून कडक परीक्षण हवें. प्रत्येक सरावापूर्वीं बाण दोन्ही हातांत धरून थोडा वांकवावा, पिळावा व कानाशीं धरून ऐकावें. कडकडल्याचा बारीकसा आवाज आला तरी तो बाण मोडून फेंकावा. चिरलेला बाण सुटतांना फुटला तर त्याच्या सुया धनुष्य धरणाऱ्या हातांत शिरतात, आणि त्या काढणें हें घरगुती काम नव्हे. बाणाच्या शेपटाची खांचहि पाहावी. बाण प्रत्यंचेस नुसता लोंबकळला पाहिजे आणि प्रत्यंचेवर बोटानें टिचकी मारतांच सुटून पडला पाहिजे. ह्याहून घट्ट नको, सैल तर मुळींच नको.

सैल खांच वाईट कां, तर बाण आधींच गळला असतां प्रत्यंचा रिकामीच सुटते. रिकामी प्रत्यंचा सोडणें हें ह्या धनुष्यावरील सर्वांत मोठें संकट. जी शक्ति बाणानें घेऊन जावयाची ती पात्यांत, कॅमांत व दोऱ्यांतच परत आदळते. पातें तडकतें, कॅम वांकतो, प्रत्यंचा उडते. फार हलका बाणहि थोड्या प्रमाणांत हेंच करतो, म्हणून प्रत्येक पौंडास निदान पांच ग्रेन ह्या हिशेबापेक्षां हलका बाण वापरूं नये. आणि घरांतील हा अपघात बहुधा तिरंदाजाकडून होत नाहीं, पाहुण्यांकडून होतो. ‘बघूं जरा, किती जड आहे तें,’ असें म्हणत एखादे मामा किंवा भावोजी धनुष्य उचलतात, प्रत्यंचा ओढतात, आणि ती परत सांवकाश सोडावी हें ठाऊक नसल्यामुळें झटक्यानें सोडून देतात. वडील माणसास नाहीं म्हणणें मुलांस अवघड जातें. तेव्हां घरांतील कर्त्या मंडळींनींच हा नियम पाहुण्यांस आधीं सांगून ठेवावा, आणि पेटीस कुलूप लावून किल्ली उंच ठेवावी. असा प्रकार झालाच तर धनुष्य पुन्हां ओढून पाहूं नये. तें जाणत्या माणसाकडून तपासून घेईपर्यंत बंदच ठेवावें.

जाणता माणूस केव्हां लागतो ह्याची मर्यादा येथेंच सांगून टाकतों. प्रत्यंचा किंवा केबल बदलणें, पीळ देणें, कॅम काढणें ह्या सर्वांस ‘बो-प्रेस’ नांवाचें यंत्र लागतें. तें पातीं सारखीं दाबून ताण उतरवितें. दोरखंड, मोटारीचा जॅक, दोन माणसांचें बळ असल्या जुगाडांनीं हें केल्याच्या गोष्टी सांगणारे शूर पुरुष आढळतात. त्यांच्या शौर्याबद्दल आदर ठेवूनहि आम्ही म्हणतों कीं हें करूं नये. सांठलेली शक्ति सुटली तर ती नातें पाहत नाहीं. गांवांतील चारपांच कुटुंबांनीं वर्गणी काढून एक चांगला प्रेस घ्यावा, तो अकादमींत ठेवावा, आणि प्रशिक्षकांच्या देखरेखीखालीं थोरल्या मुलांनीं व मुलींनीं तो वापरण्यास शिकावें, ही व्यवस्था आम्हांस पसंत आहे. प्रत्येक वेळीं मोठ्या शहरीं धनुष्य पाठवून महिना घालविण्यापेक्षां ती स्वस्तहि पडेल.

आपल्या हवेचाहि विचार केला पाहिजे. नागपुराकडे मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्या वर जातो. अशा वेळीं बंद मोटारींत ठेवलेलें धनुष्य भट्टींत ठेवल्यासारखेंच. प्रत्यंचा लांबते, पात्यांचे थर जोडणारा डिंकहि सैल पडूं शकतो. सातारा, कोल्हापूर व कोंकण ह्या बाजूस पावसाळा वैरी. दांडा ॲल्युमिनियमचा असल्यामुळें गंजत नाहीं, पण त्यांतले पोलादी स्क्रू व अक्ष गंजतात. भिजलेलें धनुष्य पेटींत घालूं नये. मऊ फडक्यानें पुसून सावलींत हवेशीर सुकूं द्यावें, आणि पेटींत ओल शोषणाऱ्या सिलिकाच्या पुड्या ठेवाव्यात. अक्षास तेल घालावें कीं नाहीं तें पत्रक सांगेल. कांहीं धनुष्यांत तें वर्ज्य आहे. खोबरेल मात्र कोठेंच नको, हें आजींस नम्रपणें सांगावें.

वर्षाची मोठी तपासणी करण्यास खंडेनवमीसारखा दिवस नाहीं. आदल्या दिवशीं वही काढून सर्व मापें नव्यानें घ्यावींत, स्क्रू आवळलेले आहेत कीं नाहीं पाहावें, जुनें मेण निपटून नवें लावावें, मोडके बाण वेगळे काढावेत, प्रत्यंचेची तारीख मोजावी. दुसऱ्या दिवशीं इतर हत्यारांबरोबर धनुष्यहि पाटावर मांडावें. फक्त हळदकुंकू दांड्यास किंवा पेटीस वाहावें, प्रत्यंचेस व कॅमास नको, कारण ती पूड वेष्टनांत शिरली कीं निघत नाहीं.